वाचकांचे प्रश्न : मक्याचा मुरघास कापणीपासून गव्हाणीपर्यंत

सोलापूर जिल्ह्यातून आलेल्या पत्रांत या वेळी मुरघासाचे, म्हणजे हिरवी वैरण कुटून, दाबून, हवाबंद ठेवून मुरवलेल्या चाऱ्याचे प्रश्न सर्वांत जास्त आहेत. उजनीच्या कालव्यावर मका करणारे असोत, की सांगोला-मंगळवेढ्याकडे विहिरीच्या पाण्यावर एखादा एकर मका राखणारे असोत, मार्च ते जून गव्हाणीत काय टाकायचे ही अडचण दोघांचीही आहे. प्रश्न थोडक्यात दिले आहेत, उत्तरे मात्र जिथे गरज वाटली तिथे लांबवली आहेत.

मका ७५ दिवसांचा झाला की मुरघासाला कापावा, असे इकडे सगळे सांगतात. गेल्या खरिपात तसेच केले, तर खड्ड्याच्या तळाशी काळे पाणी साचले आणि खालच्या थराला कुजका वास आला. जात आफ्रिकन टॉल. चूक कुठे झाली? (मोहोळ तालुका)

तुम्ही दिवस मोजले, दाणा पाहिला नाही. ७५व्या दिवशी कणीस दुधात असेल, तर झाडात ७५ टक्क्यांहून जास्त पाणी असते. अशी ओली कुट्टी, म्हणजे बारीक कापलेली वैरण, दाबली की रस तळाला उतरतो. तुम्ही पाहिलेले काळे पाणी म्हणजे हाच रस, आणि मुरायला लागणारी साखरही त्याच्याबरोबर गेली. उरलेल्या लगद्यात आम्ल पुरेसे तयार झाले नाही, मग मातीतून आलेले कुजवणारे जिवाणू वरचढ झाले. खवट लोण्यासारखा वास येत असेल तर तो त्यांचाच.

मुरघासाला पूर्ण झाडात ६५ ते ७० टक्के पाणी हवे, म्हणजे ३० ते ३५ टक्के कोरडा भाग. हे ओळखायला बांधाकडची झाडे सोडून शेताच्या आतून आठ-दहा कणसे काढा. कणीस मधोमध मोडा आणि शेंड्याकडचा तुकडा हातात धरा. मोडलेल्या बाजूने दाणे पाहिलेत तर दाण्याच्या वरच्या, बाहेरच्या भागात पिवळा पिठाळ थर आणि खाली पांढरट दुधाळ भाग दिसेल. दोहोंच्या मध्ये एक रेघ असते. कणीस पक्व होत जाईल तशी ही रेघ वरून दाण्याच्या बुडाकडे सरकते. डोळ्यांना कळत नसेल तर नखाने वरून खाली दाबत या. नख जिथे मऊ भागात रुतते तिथे रेघ. ती अर्ध्यावर आली की कापणी सुरू करा आणि दोन तृतीयांशावर पोचायच्या आत संपवा. कडक उन्हात कोरडा भाग दिवसाला अर्धा ते एक टक्का वाढतो, म्हणून हाताशी जेमतेम आठ-दहा दिवस असतात. यंत्रवाल्याशी बोलणे दाणा दुधात असतानाच करून ठेवा. रेघ अर्ध्यावर आल्यावर फोन केला आणि त्याने पुढच्या आठवड्याची तारीख दिली, तर हातातली वेळ गेलीच.

दाण्यासोबत कुट्टीही तपासा. काही संकरित जातींत दाणा पिकला तरी पाने हिरवीगार राहतात आणि अंदाज चुकतो. मूठभर कुट्टी अर्धा मिनिट घट्ट दाबून मूठ उघडा. बोटांतून रस गळला, तर कापणी थांबवा. रस गळला नाही पण गोळा तसाच राहिला आणि हात ओला झाला, तर अजून दोन-चार दिवस थांबा. गोळा हळूहळू उकलला तर वेळ बरोबर आहे. मूठ उघडताच भुगा सांडला, तर उशीर झाला. आणखी खात्री हवी असेल तर कापणीच्या तीन-चार दिवस आधी १ किलो कुट्टी पत्र्यावर पातळ पसरून दोन दिवस कडक उन्हात वाळवा. उन्हात वाळल्यावरही तिच्यात थोडे पाणी राहते, म्हणून ३३० ते ३९० ग्रॅम भरली की माल योग्य समजा.

ओला मका कापावाच लागला, तर जोंधळ्याचा कोरडा कडबा हाताशी आहे. २५ टक्के कोरडा भाग असलेल्या १ टन कुट्टीत ८० ते ८५ किलो कडब्याची कुट्टी मिसळली की एकूण माल ३० टक्क्यांवर येतो. ती एका जागी ओतू नका, प्रत्येक थरावर पसरा. झाड जमिनीपासून ६ ते ८ इंच वर कापा. बुडखा अगदी खालून कापला की त्याच्याबरोबर माती येते.

जातीबद्दल एक आग्रहाची सूचना. आफ्रिकन टॉल एकरी ३० किलो बियाणे टाकून दाट पेरला की हिरवी वैरण भरपूर मिळते, पण झाडे बारीक राहतात आणि कणसे नावापुरती धरतात. मुरघासाची ताकद दाण्यातल्या पिठात असते. मुरघासासाठीच मका करायचा असेल तर कणीस भरणारी संकरित जात घ्या. दोन ओळींत ६० सेंमी, दोन रोपांत १५ ते २० सेंमी, एकरी ८ ते १० किलो बियाणे. टनेज थोडे कमी दिसेल, पण बादलीत फरक पडेल.

हौद १० फूट रुंद, ३० फूट लांब, ५ फूट खोल आहे. गायी ६, प्रत्येकीला रोज २० किलो. उघडल्यावर आठवडाभर मुरघास उत्तम होता. नंतर हात घातला की गरम लागतो, वाफ निघते, गायी तोंड फिरवतात. भरताना काही कमी पडले का? (पंढरपूर तालुका)

भरण्याविषयी खाली लिहिले आहे, पण मुख्य अडचण हौदाच्या मापाची आहे. हौद तुमच्या गोठ्यापेक्षा मोठा आहे.

हिशोब करून पाहू. चांगल्या दाबलेल्या मुरघासाचे वजन घनफुटाला १८ किलोच्या आसपास असते. तुमच्या हौदाचे तोंड १० गुणिले ५ म्हणजे ५० चौरस फूट. एक फूट लांबी संपायला ९०० किलो उचलावे लागतात. तुम्ही रोज १२० किलो काढता, म्हणजे तोंड दिवसाला दीड इंच मागे सरकते. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात ते रोज निदान ६ इंच आणि थंडीत ४ इंच सरकायला हवे. हवा तोंडातून आत शिरते, तिच्यावर यीस्ट वाढते, ते मुरघासातले आम्ल खाऊन टाकते आणि उष्णता सोडते. आम्ल गेले की बुरशीला वाट मोकळी. तुम्ही दीड इंच काढता तोवर हवा त्याच्या कितीतरी पुढे गेलेली असते. म्हणून रोज गरम झालेलाच थर तुमच्या हाती येतो.

६ इंचांच्या हिशोबाने ६ गायींना १३ ते १४ चौरस फुटांचे तोंड पुरे, म्हणजे साधारण साडेतीन फूट रुंद आणि ४ फूट उंच. एवढ्या अरुंद हौदात ट्रॅक्टर फिरत नाही. म्हणून ६ गायींच्या गोठ्याला उन्हाळ्यासाठी ५०० किलोच्या पिशव्या बऱ्या पडतात. एक पिशवी चार दिवसांत संपते आणि बाकीचा माल बंद राहतो. बांधलेला हौद वाया घालवू नका. मधोमध लांबीत भिंत घालून दोन कप्पे करा, भरण ४ फुटांवर थांबवा आणि हा माल नोव्हेंबर ते फेब्रुवारीत खाऊ घाला. ५ फूट रुंद, ४ फूट उंच तोंड रोज साधारण ४ इंच सरकते, थंडीत तेवढे चालते. शेजारच्या गोठ्याशी वाटणी ठरवून एकच हौद दोघांनी उचलला तरी गणित जमते.

काढण्याची पद्धतही तपासा. तोंड वरून खाली उभे, सपाट छाटत या. खालून ओढले किंवा फावड्याने उकरले की मागचा माल सैल होतो आणि हवा फूटभर आत जाते. सकाळी जेवढे काढले तेवढे त्या दिवशी संपले पाहिजे, हौदाच्या पायथ्याशी ढीग नको. वरच्या कागदाची कड जिथे उघडता तिथे वाळूच्या पिशव्यांची ओळ सलग ठेवा, वारा कागदाखाली शिरता कामा नये. तोंडावर पश्चिमेचे ऊन येत असेल तर शेडनेट बांधा.

आता भरण. कुट्टीचा थर ६ इंचांपेक्षा जाड नको. किती वेगाने भरावे याला सोपे माप आहे. तासाला जितके टन येतात त्याला ४०० किलोने गुणा, तेवढ्या वजनाचे ट्रॅक्टर दाबायला हवे. ४५-५० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर दोन-सव्वादोन टनांचा असतो, म्हणजे एका ट्रॅक्टरला तासाला ५ टन झेपतात. कापणी यंत्र ८-१० टन फेकत असेल आणि दाबायला एकच ट्रॅक्टर असेल, तर माल पोकळ राहणारच. दुसरा ट्रॅक्टर आणा, नाहीतर यंत्राला थांबवा. हौद पूर्ण लांबीभर पातळ पसरत भरू नका. मागच्या भिंतीपासून उतार ठेवून पुढे सरका, म्हणजे उघडा भाग कमी राहतो. कडेला चाक पोचत नाही, तिथे पायाने तुडवा. दाबलेल्या मालात अंगठा पेरापर्यंत गेला तर अजून दाबायचे आहे. तुमच्या मापाचा हौद २७ टनांचा आहे, तो एका दिवसात भरून त्याच संध्याकाळी झाकता येतो. रात्रभर उघडा ठेवून सकाळी झाकण्याची सवय मोडा. त्या रात्रीत वरच्या थरातली साखर नुसत्या श्वसनाने जळून जाते.

आम्ही बायकांनी घरच्या कडबाकुट्टी यंत्रावर मका कुटून ५० किलोच्या पिशव्या भरल्या. काही पिशव्यांत तोंडाशी, तर काहींत बुडाला पांढरी बुरशी आली. बुरशी काढून बाकीचे घालावे का? (सांगोला तालुका)

ताई, बुरशी कुठे आली यावरूनच कारण कळते. तोंडाशी असेल तर बांधणी सैल आहे. बुडाला असेल तर पिशवीला भोक आहे. पाते बोथट असले की ताट कापले न जाता फाटते, त्याच्या टोकदार सळ्या राहतात आणि त्या आतल्या प्लास्टिकला टोचतात. कुट्टी अर्धा ते पाऊण इंच, दोन्ही बाजूंनी स्वच्छ कापलेली हवी. भरायला बसण्यापूर्वी पाते पाजून घ्या, आणि पाते व खालची पट्टी यांतले अंतर कारागिराकडून बसवून घ्या. अंतर जास्त असेल तर नवे पातेही फाडतेच.

भरताना दर ६-८ इंचांवर पायाने तुडवा. सगळ्यात आधी कोपरे दाबा, हवा तिथेच दडते. दर दहावी पिशवी काट्यावर ठेवून पाहा. ५० किलोच्या पिशवीत ३५ किलोच बसले असतील तर उरलेली जागा हवेची आहे. शेवटी आतल्या प्लास्टिकचे तोंड पिळून हवा काढा, पिळलेला भाग उलटा दुमडा आणि सुतळीने दोनदा आवळा. बाहेरची गोणी त्यानंतर वेगळी बांधा.

पुढच्या दोन-तीन दिवसांत पिशवी फुगली तर घाबरून टाचणी मारू नका. आत तयार झालेला कार्बन डायऑक्साइड मुरघासाला राखणारा असतो. बऱ्याच ठिकाणी याच दिवसांत पिशव्यांना भोके पाडली जातात आणि महिन्याने नशिबाला दोष दिला जातो. पिशव्या ओढत नेऊ नका, उचलून न्या. सावलीत, फळ्यांवर, भिंतीपासून दोन फूट सोडून रचा, म्हणजे उंदीर दिसतील आणि मांजराला फिरता येईल. आठवड्यातून एकदा हात फिरवून भोके शोधा. जागा पुसून, कोरडी करून जाड प्लास्टिकला चिकटणारी रुंद टेप लावा.

बुरशी आलेला भाग आणि त्याच्याभोवतीचा ६ इंच चांगला दिसणारा मालही उकिरड्यात टाका. धुऊन किंवा उन्हात वाळवून घालू नका, बुरशीचे विष त्याने जात नाही. गाभण गायीला तर संशयाची मूठही नको. बाकीचा माल पिवळसर हिरवा, हाताला गार आणि दही-लोणच्यासारखा आंबूस वासाचा असेल तर खुशाल घाला. तपकिरी रंग आणि तंबाखूसारखा गोडसर वास आला तर समजा माल आत तापला होता. जनावरे तो आवडीने खातील, पण त्यातल्या प्रथिनांचा बराचसा भाग त्यांच्या अंगी लागत नाही.

गूळ, मीठ, युरिया, ताक, यांपैकी काय घालावे? आणि किती दिवसांनी उघडावा? (बार्शी तालुका)

वेळेवर कापलेल्या मक्यात साखर पुरेशी असते, गुळाची गरज नाही. गूळ लागतो तो साखर कमी असलेल्या वैरणीला, उदाहरणार्थ लसूणघासाला. टनाला ५ किलो मिठाने मुरघास टिकत नाही, चव येते एवढेच. ताकातले जिवाणू दुधात वाढणारे, मक्यावर ते टिकतील याचा भरवसा नाही. जिवाणू संवर्धक (मुरवणाऱ्या जिवाणूंचे तयार पाकीट) वापरायचे असेल तर पाकिटावर कुट्टीच्या दर ग्रॅमला निदान १ लाख जिवंत जिवाणू पडतील असे प्रमाण लिहिलेले आहे का आणि मुदत संपलेली नाही ना, हे पाहा. द्रावण क्लोरीन न टाकलेल्या पाण्यात करा, नाहीतर जिवाणू टाकीतच मरतील.

युरिया टनाला ५ किलो, पाण्यात पूर्ण विरघळवून, थराथरांवर झारीने. यामुळे प्रथिनांचा आकडा वाढतो, पण युरिया आम्लाला विरोध करतो, म्हणून ओल्या मालात टाळावा. खडा न विरघळता एका जागी पडला तर जनावर दगावू शकते. असा मुरघास वासरांना देऊ नका, आणि खुराकात आधीच युरिया असेल तर त्याची बेरीज करा.

४५ दिवस थांबा. नंतर बंद ठेवाल तितके दाण्यातले पीठ अधिक पचनी पडते.

लष्करी अळीसाठी फवारणी केली. किती दिवसांनी कापावा? (माळशिरस तालुका)

औषधाच्या लेबलवर काढणीपूर्व कालावधी, म्हणजे फवारणी ते कापणी यांत सोडायचे दिवस, दिलेला असतो, तो पूर्ण झाल्याशिवाय कापू नका. मुरल्याने औषधाचा अंश जाईल, या भरवशावर राहू नका. ही अळी भारतात २०१८ पासून आहे आणि ती कणसातही शिरते. कोरलेल्या कणसावर हिरवट-काळी बुरशी असेल तर ती कणसे कुट्टीत जाऊ देऊ नका.

पावसाने दडी मारली. मका कमरेएवढा झाला, तुरा आला, पण कणीस नाही. वरची पाने करपली. मुरघास होईल का? (मंगळवेढा तालुका)

होईल, पण दोन गोष्टी सांभाळून. पहिली, करपलेला मका कोरडा दिसतो म्हणून घाईने कापला जातो, प्रत्यक्षात ताटात ७५ टक्क्यांपर्यंत पाणी असू शकते. वर दिलेली मुठीची परीक्षा इथे चुकवू नका.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. ताणातल्या पिकाने जमिनीतून नायट्रेट उचललेले असते, पण वाढ थांबल्याने ते वापरले जात नाही. ते ताटाच्या खालच्या भागात साठते, युरियाचा हप्ता दिलेला असेल तर अधिकच. म्हणून कापणी जमिनीपासून फूटभर वर करा. मध्येच पाऊस पडला तर लगेच विळा घालू नका, निदान आठवडाभर थांबा. पावसानंतर मुळे पुन्हा एकदम नायट्रेट ओढतात. असा मका हिरवा घालण्यापेक्षा मुरवून घालणे बरे, कारण मुरताना नायट्रेट सुमारे निम्म्यावर येते. तरीही पहिले काही दिवस कडब्यात मिसळून थोडा थोडा द्या. जनावर धापा टाकू लागले, हिरड्या निळसर-तपकिरी दिसल्या, तर वैरण काढून घ्या आणि तासाच्या आत डॉक्टर बोलवा.

भरल्यानंतर पहिले तीन आठवडे खड्ड्यात कुणीही उतरू नये. अशा मक्यातून पिवळसर तपकिरी, हवेपेक्षा जड असा विषारी वायू निघतो आणि खड्ड्याच्या खोलगट भागात साचतो. लहान मुलांना तिकडे फिरकू देऊ नका.

मुरघास सुरू केल्यावर दूध वाढले, पण फॅट ३.९ वरून ३.२ वर आली. डेअरीवाला दर कापतो. मुरघास बंद करू का? (अक्कलकोट तालुका)

बंद करू नका. तुमच्या पत्रात कडब्याचा उल्लेख नाही, तो बंद केला असावा असे वाटते. फॅट तयार होते ती रवंथातून, आणि रवंथाला लांब धागा लागतो. मुरघास बारीक कुटलेला, त्यात दाण्याचे पीठ, वरून खुराक, म्हणजे पोटात आम्ल जास्त आणि रवंथ कमी. दर गायीला २ ते ३ किलो कोरडा कडबा परत सुरू करा आणि मुरघासाच्या आधी घाला. खुराक एकदम न देता तीन-चार वेळांत विभागा. खाण्याचा सोडा दिवसाला ५० ते १०० ग्रॅम खुराकात मिसळता येतो, पण कडब्याची जागा तो घेत नाही. पुढच्या वेळी सुरुवात ५ किलोपासून करा आणि आठ-दहा दिवसांत २० किलोवर न्या.

प्रथिनांकडेही लक्ष असू द्या. २० किलो मुरघासात कोरडा भाग साडेसहा किलोच्या आसपास आणि प्रथिने जेमतेम ५०० ग्रॅम. १५ लिटर देणाऱ्या गायीची गरज याच्या सुमारे तिप्पट आहे. सरकी किंवा शेंगदाणा पेंड आणि खनिज मिश्रण कमी केले तर मुरघासाने वाढलेले दूध महिन्याभरात खाली येते.

गळीत हंगामात उसाचे वाडे फुकट मिळतात. त्यांचा मुरघास करावा का? (माढा तालुका)

करता येतो. वाडे ताजे असतानाच कुटा, शेतात चार दिवस पडलेले नकोत. त्यात साखर भरपूर असल्याने यीस्ट लवकर चढते आणि दारूसारखा वास येतो, म्हणून पिशव्या लहान ठेवा आणि उघडली की त्याच दिवशी संपवा. मक्याची ताकद त्यात नाही, तो भाकड जनावरांचा चारा समजा. वाड्यातले ऑक्झॅलेट मुरल्यावरही राहते आणि कॅल्शियम बांधून ठेवते. दुभत्या गायीला वाडे घालणारच असाल तर ते एकूण वैरणीच्या तिसऱ्या हिश्श्यापुढे नेऊ नका आणि कॅल्शियमयुक्त खनिज मिश्रण एक दिवसही चुकवू नका.